चाकांवरची खोली

३ फेब्रुवारी

खोली उभी राहिली. काय लागलं? प्लाय, बिजागऱ्या, चाकं, डिस्टेंपर – हे सगळं बिलात येईल. तीन आठवडे संध्याकाळी आईजवळ बसायचं राहिलं, ते कुठल्या बिलात घालू?

गिरगावच्या हॉलमध्ये चाळींवरचं प्रदर्शन आहे. मधोमध आमचीच परळची खोली, दहा बाय बारा. चाळ पडली, त्याच जागी टॉवर झाला, आम्ही अठराव्या मजल्यावर गेलो. म्हणून मापं मीच दिली, तोंडपाठ होती. तीन भिंती – प्रत्येक मधोमध दुमडते, चाकांवर सरकते. चौथी बाजू उघडी, नाहीतर लोकांनी बघायचं कुठून? जयवंत, माझा सुतार, म्हणाला, "लोक भिंती बांधतत, तू भिंतींका चाकां लावतंस."

प्रदर्शन मांडणाऱ्या मधुराला काळजी, हॉलचा जिना अरुंद आहे, एवढं सगळं वर येईल का. म्हटलं, "मॅडम, मी आधी दार मोजतो, मग वस्तू बनवतो. पंचवीस वर्षं प्रदर्शनांची कामं करतोय, माझं एकही काम दारात नाही अडकलं, लिफ्टमध्ये नाही अडकलं." खरंच आहे ते!

५ फेब्रुवारी

आईने अर्धी भाकरी खाल्ली. माझी बायको रश्मी म्हणते, तीसुद्धा तुम्हाला बरं वाटावं म्हणून.

८ फेब्रुवारी

उद्घाटन. गोंधळ! परळ-नायगावची मंडळी आली ती खोलीच्या उंबऱ्याशी चपला काढायला लागली. उंबरा कसला, जमिनीवर ठोकलेली पट्टी! वाटेत चपलांचा ढीग, मागचे अडखळतायत. मधुरा म्हणाली, 'चपला काढू नयेत' असा बोर्ड लावूया. मी म्हटलं, थांबा. जयवंतला घेऊन डावी भिंत दीड हात आत सरकवली, चपलांना जागा झाली. खोली आखडली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही – सगळे दाटीत वाढलेले!

पॅनेलमागे उभा राहून लोक काय बोलतात ते ऐकणं, ही माझी जुनी खोड. एक बाई नातीला सांगत होत्या, इथे आम्ही नऊ जणं झोपायचो. नात म्हणाली, "उभ्याने?"

१० फेब्रुवारी

आईला मोबाईलवर खोलीचे फोटो दाखवले. तिने मोबाईल पालथा ठेवला. "फोटू नको. मला ने."

डॉक्टर म्हणतात, दम लागतोय, बाहेर काढू नका. प्रदर्शन रविवारी संपतं. रश्मीला विचारलं. ती म्हणाली, न्या. इथे खिडकीशी बसून तरी काय बरं होतंय?

१३ फेब्रुवारी

नेलं. दुपारी, गर्दी नसताना. जिना तिला पाठीवर घेऊन चढलो. वजनच नाही राहिलं.

भिंत आधीच मापात घेऊन ठेवली होती. आईने पट्टीशी चपला काढल्या. मोरीकडे पाठ करून, तिच्या जागेवर बसली.  मग उजव्या भिंतीवर बोटांनी दोनदा ठोकलं.

चाळीत त्या भिंतीपलीकडे भागूबाई राहायच्या. रोज सकाळी आई दोनदा ठोकायची, भागूबाई दोनदा परत. उठले, आहे. एवढंच. जन्मभर ऐकलं मी ते, आणि खोली बनवताना आठवलं नाही. भागूबाई आता मुलाकडे, वडाळ्याला.

प्लाय पोकळ वाजला. आई कान लावून बसली. माझ्याच्याने राहवेना – भिंतीमागे जाऊन मी दोनदा ठोकलं.

पुढे आलो तर आई माझ्याकडेच बघत होती. "अजित, भागी एवढ्या जोरात न्हाय ठोकत."

मग म्हणाली, चल.

१५ फेब्रुवारी

प्रदर्शन संपलं. खोली दुमडली, टेम्पोत गेली. जयवंत आज एकदाही चेष्टा करेना.

आईला ताप. भागूबाईंना फोन लावला. उद्या न्यायला येतो म्हटलं. त्या म्हणाल्या, लवकर ये, मी सकाळपासून तयार होऊन बसते.

१७ फेब्रुवारी

आई काल पहाटे गेली. भागूबाई यायच्या आत.

आमच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये आडवं माणूस मावत नाही. आईला खुर्चीत बसवून, साडीने बांधून खाली आणलं.