कोपरा दुमडलेलं पान

माझी माय,

दोन रात्री झाल्या, डोळ्याला डोळा न्हाई. परवा परीला न्हाऊ घालताना तिच्या दंडावर फिकट चट्टा दिसला, रुपयाएवढा. मग तू करायचीस तसंच केलं. डोळे मिटायला लावले आन कोंबडीचं पीस फिरवलं. गालावर लागलं ते सांगितलं तिनं, तळहातावरचं सांगितलं. चट्ट्यावर फिरवलं तर म्हणाली, "मम्मी, फिरव की आता."

मी फिरवूनच राहिले व्हते, माय.

ही पिसाची रीत तुला पुस्तकातनं गावली व्हती. चौथी शिकलेली तू, देगलूरला दवाखान्यात झाडू मारायचीस. तिथल्या म्हाताऱ्या सिस्टरनं तुला मिशनरी बायांची चरित्रं दिली. दुपारी शेंगा फोडत, ओळीवर बोट ठेवून वाचायचीस. कुठली कोण गोरी डॉक्टरीण, बैलगाडीतनं गावोगाव महारोगी बघत हिंडलेली. तू सांगायचीस अशी, जशी तुझी मावसबहीणच.

शेजारची गंगाकाकू विचारायची, "बाटलीस काय गं?"

तू म्हणायचीस, "एकादशी तुझ्यापेक्षा कडक धरते मी. देव हाय तोच हाय माझा. काम कसं करावं, तेवढं त्या बाईकडून घेते."

आन घेतलंस बी. रुक्माबाईला महारोग झाला म्हणून तिच्या लेकानं गावाबाहेर ठेवलं व्हतं. तिच्या पायाच्या जखमा रोज धुतल्यास. गोळ्या पुऱ्या झाल्या, आता हिच्यापासून कुणाला काही व्हत न्हाई, असं डॉक्टरनं सांगितलं, तर दादाच्या लग्नात तिला पंगतीत आपल्या शेजारी बसवलंस. दादाच्या सासरचे चार जण भरल्या ताटावरून उठले.

दादानं तवापासून तुझ्याशी बोलणं टाकलं. मी तुझ्याकडून बोलले म्हणून माझ्याशी बी. पण त्याला आधी सांगायला नगं व्हतं का, माय? त्याचं लगीन व्हतं.

आन एक तुला कधीच सांगितलं न्हाई. त्या दिवशी मी बी लाजले व्हते. वाढायचं सोडून कोठीत जाऊन बसले. बोलले ते नंतर.

आता माझ्याच घरात आलंय. सासूबाई म्हणतात, "गजकर्ण हाय म्हण. पोरीची जात, उद्या कोण करील?" हे चपला घालून बाहेर निघून गेले.

मग तू गेल्यावर माझ्याकडं आलेलं तुझं पुस्तक काढलं. बाकीची तू वाचून झाली की दवाखान्याच्या बाकड्यावर ठेवून यायचीस, दुसऱ्या कुणी वाचावं म्हणून. हे एकच घरी ठेवलंस. का ते आज कळलं. एका पानाचा कोपरा दुमडलाय. पहिल्या दिवशी रोग्याला हात लावून ती डॉक्टरीण घरी आली, तीनदा हात धुतले आन रडत बसली. दुसऱ्या दिवशी परत गेली. तिथं बाजूला तू पेनानं लिहिलंयस, "मी बी."

तू बी भ्याली व्हतीस? मला वाटायचं तुला भेवच ठाऊक न्हाई. आता तर तू आणखीनच मोठी वाटतीस. लई लेकींची माय शिकलेली असंल. पण भेऊन रडून दुसऱ्या दिवशी परत जाणारी माझी हाय.

उद्या परीला घेऊन लातूरच्या सरकारी दवाखान्यात चालले. महारोग निघाला तर तोच म्हणीन, गजकर्ण म्हणणार न्हाई. एक गोळी चुकू देणार न्हाई. परीला वेगळं ताट न्हाई, वेगळं अंथरूण न्हाई. तुझी आण.

पुस्तक तिथल्या बाकड्यावर ठेवीन, हे पत्र आत घालून. माझ्यासारखी भ्यालेली कुणी बसंल तिथं, तिला ते पान लागंल.

तुझीच,
सुनी

ज्याला हे सापडंल त्याला: पुस्तकाच्या मागच्या पानावर माझ्या दादाचा नंबर हाय, मायच्या हातचा. माझा फोन तो उचलत न्हाई, तुम्ही लावा. चट्ट्याचं सांगा, लपवू नका. आन म्हणावं, परीचे कान अजून टोचले न्हाईत. मामाच्या मांडीसाठी थांबवलेत.