दारातला खोकला

अमडापूर, वऱ्हाड
२१ जानेवारी १९३२

तीर्थरूप मामाजी,

मोठ्या सुनेचा नमस्कार. हे पत्र मी टपालात टाकणार नाही, म्हणून खरं लिहून राह्यली.

तुमी दारात खोकलले की मी जेवता जेवता ताटली उचलून गोठ्यात जायची. सुनेनं सासऱ्यासमोर जेवू नाही ना! उभ्यानं घास उतरत नव्हता, म्हणून अर्धी भाकर गाईले द्यायची. सतरा वर्सं असंच चाललं.

तुमी साखरखेर्ड्याले धाकट्याकडं राहाले गेले, त्याले तीन महिने झाले. तरी मी गोठ्यातच जेवत होती. काल पहिल्यांदा चुलीपाशी बसली, अन् दारात खोकला वाजला. ताटली घेऊन पळाली, तर दारात शेजारची इमामबी!

"काऊन वं पळून राह्यली? बुढा तर साखरखेर्ड्याले हाय!"

ती हसली, मलेबी हसू आलं. मंग मी मांडी घालून चुलीपाशी बसली अन् अख्खी भाकर गरम गरम खाल्ली.

गाय मातर गोठ्यात हंबरत राह्यली. मामाजी, या घरात तुमच्या खोकल्याची वाट पाहणारी आता तेवढी तीच उरली हाय.

पोटभर जेवलेली तुमची सून,
गोजर