तुमच्या आईच्या हातचं पाणी

ता. श्रीरामपूर, डिसेंबर १९७१

करुणाच्या बाबांस सलाम.

तुम्ही लढाईवर आहात, म्हणून हे पत्र टपालपेटीत टाकणार नाही. मंगळवारी आपल्याला मुलगी झाली. दुपारीच तिचा श्वास अडकू लागला. फादर गावात नव्हते. आपण ख्रिस्ती झाल्यापासून आपल्याकडचं पाणीही न पिणाऱ्या तुमच्या आई स्वतःचा तांब्या घेऊन आल्या. माझे हात उचलेनात. मी शब्द सांगत गेले, त्या तिच्या कपाळावर पाणी ओतत म्हणाल्या, "करुणा, पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं तुला बाप्तिस्मा देते."

संध्याकाळी ती गेली.

फादर म्हणाले, "मरणाच्या दारी कुणीही दिला, तरी हा बाप्तिस्मा खराच. ती देवाची लेक झाली." मला रडू येत नाही.

आई रोज विचारतात, "देवाची झाली, मंग आपली हाय का न्हाई?"

मी म्हणते, "हाय."

तुमची,
सगुणा