दोनशे सतरा नंबरची डावी बाजू

स्किप्टन, यॉर्कशर
९ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप म्युरिएलताईस,

धाकट्या डेस्मंडचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा वाकणे मनातल्या मनात समजून घ्यावे). तुझे गुडघे आणि भावोजींचे पित्त, दोघांची खुशाली सविस्तर कळवावी. इकडे तुझी भावजय ग्लेनिस ठणठणीत आहे आणि माझ्यावर रागावलेली आहे. म्हणजे घरात सगळे नेहमीसारखेच.

तुझे पत्र मिळाले. बाबांना कायमचे तुझ्याकडे न्यूझीलंडला न्यायचे, तिकीट या महिनाअखेरीस काढायचे, तर त्यांचा विचार पक्का आहे ना ते विचारून कळव, असे तू लिहिलेस. आई गेल्यापासून दोन वर्षे ते खिडकीपाशी बसून होते आणि ऑक्टोबरात तुला फोनवर 'येतो' म्हणाले, हे मला ठाऊक आहे. (माझ्याशी त्या महिन्यात ते एकूण तीन वाक्ये बोलले. त्यांतली दोन मांजराविषयी होती.) जाताना त्यांच्या हाती आपले काहीतरी द्यावे म्हणून मी त्यांचे जुने इंजिन करायला घेतले, आणि तिथूनच माझे ग्रह फिरले.

इंजिन म्हणजे लोखंडाचे नव्हे गं. कॉम्प्युटरवर आगगाडी चालवायचा खेळ असतो ना, त्यात चालणारे. बाबांनी ज्याच्यात आधी कोळसा टाकला आणि मग जे स्वतः चालवले, तेच ते दोनशे सतरा नंबर. ते चौसष्ट साली भंगारात गेले, त्यामुळे आधार काय तो जुन्या फोटोंचा. पत्रे जोडणारा एकेक रिव्हेट मी मोजून बसवला. (या खेळाच्या आमच्या मंडळींत लेस्टरचे प्रॉसर म्हणून गृहस्थ आहेत. एक रिव्हेट कमी भरला की ते तीन पानी पत्र पाठवतात, आणि चौथ्या पानावर आकृती.) पण फोटो मिळाले एकवीस, आणि एकवीसही उजव्या बाजूचे! रुळांच्या डावीकडे सगळा कालवा. फोटो काढणारा तिकडे गेला असता तर पाण्यातच उभा राहिला असता. मग मी शहाणपणा केला. उजवी बाजूच उलटी करून डावीकडे लावली. प्रॉसरसुद्धा गप्प बसले, म्हटल्यावर मी निर्धास्त झालो.

डिसेंबरात बाबांना दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली, इंजिन चहूबाजूंनी फिरवायला लावले आणि म्हणाले, "गाढवा, दोन्हीकडं सारखंच? इंजिन केलंस का पायजमा शिवलास?"

तेव्हापासून मी त्यांचा नोकर आहे. डावीकडचा नळ कुठाय, पायरी कुठाय, रोज नवी चूक. सोमवारी एक दांडा चार इंच पुढे घ्यायला लावला, बुधवारी तोच मागे. मी एक बटण ठेवले होते, दाबले की इंजिन तयार. बाबांनी त्या बटणाकडे असे काही पाहिले की मी ते त्याच दिवशी काढून टाकले. थंड बॉयलरला वाफ धरायला चार तास लागतात, तर इथेही चार तासच लागले पाहिजेत. आता लागतात! सकाळी आठला विस्तव पेटवून आम्ही बापलेक पडद्यापुढे बसतो आणि बाराला गाडी हलते. त्यात पेटलेले इंजिन सोडून ड्रायव्हरने उठायचे नाही, हा त्यांच्या वेळचा नियम. त्यामुळे गेल्या रविवारी ग्लेनिसचे बीफ आणि पुडिंग आम्ही पाळीपाळीने जाऊन खाल्ले. ग्लेनिस म्हणाली, "मला पेटायला चार तास लागत नाहीत, तेवढं बाबांना सांग."

मंगळवारी तर कळस झाला. चढावर बॉयलरमधले पाणी संपले आणि इंजिन बसले. पाण्याची पातळी दाखवणारी काच बघायचे काम माझ्याकडे होते. बाबा ओरडले, "चहा ढोसतोयस होय! काचेकडं काय शेजारचा येऊन बघणार?" लहानपणानंतर ते माझ्यावर असे ओरडले नव्हते. साठीचा माणूस मी, पण मला फार बरे वाटले.

असो. असा हट्टी, तोंडाळ, डोक्यावर टोपी घालून कॉम्प्युटरपुढे बसणारा म्हातारा तू खुशाल घेऊन जा. माझ्या जिवाला आराम पडेल. त्यांचा विचार विचारायला मला अजून सवड झालेली नाही, पण तो पक्काच असणार.

तुझा,
डेस्मंड

ता. क. : तिकीट या महिन्यात काढू नकोस. डावी बाजू अपुरी आहे. खरे सांगायचे तर, ताई, बाबांनी जाऊ नये असे मला वाटते. त्यांना तोंडावर सांगायची माझी छाती नाही. तूच काही निमित्त काढ. त्यांच्यासाठी ठेवलेली खोली दुरुस्तीला काढली म्हण.

आणखी ता. क. : पोरी, हे मी, बाबा. डेस्मंडनं पत्र टपालात टाकायला दिलं, पाकीट उघडं होतं, वाचलं. त्याला सांगू नकोस, पण ती डावी बाजू मला अजिबात आठवत नाही. साठ वर्षं झाली की गं. रोज मनानंच एक दांडा सांगतो, तो बिचारा करतो आणि दिवसभर माझ्याजवळ बसतो. इथं माझी कुणाला गरज नाही असं वाटलं, म्हणून तुला येतो म्हणालो होतो. राग मानू नकोस. खोलीची दुरुस्ती चांगली दोन-तीन वर्षं चालू दे.