बदललेला कप

प्रिय ताई,

तुला आणि भावजींना नमस्कार. मी बरा आहे. झोप लागते, दोन घास जातात. काळजी करू नकोस.

पण मनोरुग्णांच्या या वॉर्डात काहीतरी शिजतंय. इतके दिवस काचेमागे बसणाऱ्या नर्सबाई आता आमच्यात येऊन बसतात. गोळी बदलण्याआधी डॉक्टर विचारतात, "तुम्हाला काय वाटतं?" मला! म्हणे सगळ्यांचं नवं प्रशिक्षण झालंय, पेशंटची काळजी सुधारायची आहे. एवढं गोड बोलणं मला पचत नाही. तू फोन करून काही सांगितलंस का त्यांना? खरं लिही.

सगळ्यात मोठा संशय चहाचा. पूर्वी तो खिडकीतून मिळायचा. आता नर्सबाई आमच्याच टेबलावर, आमच्याच किटलीतला पितात. माझ्या कपात काही घातलं असेल तर? म्हणून मी रोज माझा कप त्यांच्यापुढे सरकवतो, त्यांचा घेतो आणि त्या पिऊन संपवेपर्यंत थांबतो. तोवर माझा गार होतो. तू मला शंकासुर म्हणशील, म्हण.

भावजींचा गुडघा कसा आहे? छोटी मामाबद्दल विचारते का? काय सांगतेस तिला?

आज मी हात पुढे करायच्या आतच नर्सबाईंनी स्वतः कप बदलले आणि माझ्यादेखत मोठा घोट घेतला. हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मी उठून गेलो असतो.

ताई, आज चहा गरम प्यायलो.

तुझाच,
शंकासुर