ताई, तुझ्या जावयाची शिफारस केली!

प्रिय ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? (माझे होते तसेच. राज्यपालांची बायको म्हणून गुडघे काही सवलत देत नाहीत.)

जावईबापूंना सरकारी वकील व्हायचंय, पोरीच्या संसाराला जरा स्थैर्य येईल, तेव्हा ह्यांच्या कानावर घाल, असं तू लिहिलं होतंस. घातलं बाई! पण आमचे हे काय चीज आहेत ते आधी ऐक. मागून आणलेल्या कोटावर वकिली सुरू केली, न्यायाधीश झाले, आता अख्खा प्रांत सांभाळतात; पण उभ्या जन्मात न वाचता एका कागदावर सही केली नाही. (आमच्या लग्नाच्या नोंदणीच्या वेळी मी नटूनथटून ताटकळत उभी, आणि हे कारकुनाला त्यातल्या चुका दाखवतायत!) घरात सुनेचं नि माझं वाजलं की म्हणतात, "दोन्ही पक्ष माझ्या नात्यातले, मला हे प्रकरण ऐकता येणार नाही," आणि खुशाल बागेत फिरायला जातात. माणूस सोन्यासारखा गं, पण हे सोनं अंगावर घालून मिरवायची सोय नाही.

तर परवा चहाच्या वेळी, स्वारी खुशीत बघून, मी जावईबापूंचं नाव काढलं. ह्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे हा तुझ्या भाचीचा नवरा?" (तिच्या लग्नात हे निकालपत्र लिहीत घरी बसले होते, ओळखणार कुठून!) मी म्हटलं, अहो, आपलेच जावई. झालं! तसेच उठून ऑफिसच्या खोलीत गेले. मागोमाग मी. टेबलावर नेमणुकीची फाईल, आणि ताई, त्यात जावईबापूंचं नाव पहिलं! निवड समितीने त्यांच्या हुशारीवर निवडलेलं, फक्त सही राहिलेली. ह्यांनी पेनाला टोपण लावलं, नातं उघड झालंय असा शेरा मारला आणि फाईल परत पाठवली. आता मुलाखती पुन्हा, दुसऱ्यांच्या देखरेखीखाली. मी कपाळ बडवून घेतलं. मला कुठून बुद्धी झाली बोलायची! तेव्हापासून मी अबोला धरलाय, पण खरं सांगू? मनातून ऊर भरून आलाय.

तुझी,
धाकटी

ता. क. : काल जावईबापू येऊन गेले. मी रडत रडत सगळं सांगितलं, तर हसून म्हणतात, "मावशी, काकांच्या जागी मीही हेच केलं असतं. देईन की पुन्हा मुलाखत."

ता. क. दुसरा : तेव्हा एकच कर. भाचीला जवळ बसवून सांग, तुझा नवरा फार वर जाणार, त्याच्याकडून घरच्यांनी कसलीच आशा धरू नये. मावशीचं कसं चाललंय विचारलं, तर सुखात आहे म्हणावं. आणि ते खरंच आहे, मेलं!