एक जूनला जन्मलेला आमचा वर्ग

गुरुजी, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजत न्हाई, पण आज तुमची लई आठवण आली. पाचवीतली नात वही घेऊन बसली अन् म्हणाली, "आज्जी, तू कवा जन्मलीस?" मी सांगितलं, तर पोरगी म्हणते, "कशावरून?" अशी खूश झाले म्हणून सांगू! तिच्या तोंडात गूळच कोंबला.

तुम्ही एकदा शाळेतलं दाखल्याचं मोठं रजिस्टर वर्गात आमच्यापुढं उघडून ठेवलं होतं. "वाचा, अन् काय दिसतंय ते सांगा." आम्ही बोट ठेवून वाचतोय, तर सगळ्यांचा जन्म एक जूनचा! मी उठून म्हणाले, "गुरुजी, एकाच दिशी एवढ्या बाया बाळंत झाल्या? गावात सुईण तर एकटी माझी आज्जी!" वर्ग हसून लोळला. तुम्हीही हसलात. "अगं, घरच्यांना तारीख ठाऊक नसती, म्हणून मीच अंदाजानं लिहिली." मग काय, भांडणच लागलं. काही पोरं म्हणतात, सरकारी रजिस्टरात लिहिलंय ते खरं. काही म्हणतात, जिच्या हातावर जन्मलो तिला विचारा. तुम्ही खुर्चीत मजेत ऐकायलाव.

तुम्ही बोलावलं, अन् दुसऱ्या दिवशी आज्जी वर्गाच्या दारात बसून एकेकाकडं बोट दाखवायलीय. "ही हुरड्याच्या दिसांतली. हा विहिरीला पाणी लागलं तवाचा." माझ्यापाशी थांबून म्हणाली, "ही समद्यांत थोरली. बारा संपली हिला." रजिस्टरात मी दहाची.

घरी कळलं. अप्पा म्हणाले, "बारा? मग शाळा बास, सोयरीक बघू." तुम्ही रजिस्टर काखेत मारून आमच्या घरी आलात. "अप्पा, पोरगी दहाचीच हाय, हे बघा." अप्पा म्हणाले, "कामून फसवायलाव गुरुजी? ते अंदाजाचं हाय म्हणून तुम्हीच भर वर्गात बोललाव की." तुम्ही रजिस्टर मिटलंत. चहाला न थांबता गेलात. माझं लगीन झालं. पुढं कधी माहेरी आले अन् वाटेत भेटलात, तर खाली बघून जायचात. आपल्याच धड्यानं पोरीची शाळा गेली, असं वाटायचं व्हय?

तेवढं मनातनं काढा. हे पान नातीच्या वहीतलं. धाडणार कुठं? घडी घालून लुगड्यांच्या पेटीत ठेवते. आज्जीची काही चूक न्हाई, गुरुजी. वर्गातल्या थोरल्या पोरीकडं तुम्ही खडूचा डबा सांभाळायला द्यायचात. तो मला पाहिजे होता. आदल्या सांजेला आज्जीचे पाय चेपत मीच तिला म्हणाले होते, "मला बारा सांग."